नांदूर मध्यमेश्वरच्या गाइड मंडळींचे आभार

चापडगावच्या गाइड आणि नावाडी मंडळींनो,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीच्या पाणपक्षी गणनेचे तक्ते भरून झाले. त्यांवर भरवसा ठेवता येतो तो तुमच्यामुळे.

सगळ्यात मोठे आभार पाण्याच्या पातळीसाठी. १९८६ साली नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य झालं, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पण गोदावरी-कादवा संगमावरचा बंधारा मुळात सिंचनाचा. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की पातळी चढते, कालव्यांनी ओढलं की उतरते. उतरली की चिखल उघडा पडतो, तुतवार-शेकाटे असे चिखलात चरणारे पक्षी वाढतात आणि बदकं खोल पाण्याकडे सरकतात. पातळी न लिहिता दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले, तर बदकं घटली असं वाटतं. ती नुसती जागा बदलून बसलेली असतात. आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाळीचं पाणी, कधी सुटलं, कधी थांबलं, हे तुम्ही तारखेसह सांगितलंत.

धुकं विरेपर्यंत मोजायला घ्यायचं नाही आणि ऊन पाठीशी ठेवायचं, हेही तुमचंच. दहा पक्षी मोजून तेवढा तुकडा नजरेत बसवायचा आणि थव्यावरून पुढे सरकवायचा, ही रीत तलवार बदकांना चालते. थापट्या बदकांपुढे फसते. एकाने ढवळलेल्या पाण्यात दुसरा फावड्यासारखी चोच चालवत मागोमाग जातो, सगळे गोल फिरत राहतात आणि तोच पक्षी दोनदा मोजला जातो. म्हणून दोघांनी वेगवेगळं मोजायचं. दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याने थवा उठवला तर आकडा खोडून पुन्हा पहिल्यापासून. वारकरी हे काळे पाणपक्षी जलपर्णीत शिरतात, तेव्हा त्यांच्यापुढे तुम्ही ‘किमान’ लिहायला लावलंत, ते योग्यच.

निरीक्षण मनोऱ्यावर मोबाईलची गाणी बंद करायला सांगून पर्यटकांचा राग ओढवून घेतलात, त्याचे वेगळे आभार!

आणि मनोऱ्यासमोरची बेशरम, हे काठावर माजणारं झुडूप. ती कापून ओल्या काठावर टाकली की कांडीला पेरापेरावर मुळं फुटतात, पुढच्या वर्षी झाडोरा दुप्पट. तुम्ही मुळासकट उपटून पाण्यापासून लांब, कोरड्या बांधावर वाळत घातलीत. जलपर्णी मात्र फुलावर येण्याआधीच ओढायला हवी. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं.

पुढच्या जानेवारीत पातळी गणनेच्या आधी आणि नंतर, अशी दोनदा लिहू. मोजपट्टी आम्ही आणतो. ती कुठे रोवायची ते तुम्ही ठरवा.

आपली,
पक्षीगणनेची मंडळी