बारक्या पोरांचा डोस एमएलमध्ये, मराठीत लिहून मिळू दे : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब,
नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात आशा सेविका म्हणून काम करते. बाळ जन्मल्यापासून ४२ दिवस आणि नंतर १५ महिन्यांचं होईपर्यंत आमचं त्या घरात ठरल्या वेळी जाणं असतं, त्यामुळं औषधाच्या बाटल्या फळीवर कुठं ठेवल्यात, कोण कशानं मोजून पाजतंय हे सगळं आमच्या नजरेला पडतं आणि त्याचीच काळजी लागून राहते.

तापाचं पॅरासिटामॉलच घ्या. ड्रॉप्समध्ये १ एमएलला १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये ५ एमएलला १२०, आणि त्यापेक्षा कडक सिरप येतं त्यात ५ एमएलला २५०. म्हणजे ती छोटी ड्रॉपरवाली बाटली साध्या सिरपच्या चौपट कडक, आणि घरात सगळ्यांना वाटतं बाटली छोटी म्हणजे औषध हलकं! आता ८ किलोच्या पोराला एका वेळी किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम धरून ८० ते १२० मिलिग्रॅम पुरतं, पण सिरप संपलं म्हणून चुलत्यानं त्याच नावाचे ड्रॉप्स आणले आणि आज्जीनं सवयीनं ५ एमएल पाजले तर पोटात ५०० मिलिग्रॅम जातं, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. असं दिवसभर चाललं तर लिव्हरवर बेततं.

आणि मेडिकलमध्ये सांगतात काय, तर "अर्धा चमचा तीन वेळा". कुठला चमचा? एका घरात चहाचा, शेजारी पोह्याचा, कुणी टोपणानंच देतं. चिठ्ठीवरचं इंग्रजी घरातल्या बाईला वाचता येत नाही, बाटलीवरची अक्षरं तर मुंगीएवढी.

अँटिबायोटिकच्या पावडरच्या बाटलीचं तर विचारूच नका. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, परत खुणेपर्यंत भरायचं, हे काउंटरवर कुणी करून दाखवत नाही, मग कुणी पाणी जास्त ओततं कुणी कमी आणि उरलेलं औषध पुढच्या तापाला ठेवतात, खरं तर एकदा कालवलं की ते बहुतेक आठवडाभरच चालतं.

साहेब, कायदा नाही असं नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणं डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणी असलेल्या फार्मासिस्टनंच द्यायचंय, २०१५ च्या नियमांत पेशंटला समजावून सांगणंही त्याचंच काम धरलंय. पण बऱ्याच दुकानात सर्टिफिकेट भिंतीवर असतं आणि औषध देतो दुसराच पोरगा, त्याचा तरी काय दोष, त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

२०२५ ला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कफ सिरपनं पोरं गेली, त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, तेव्हा तुमच्या खात्यानं लगेच सूचना काढली ते चांगलंच केलं. केंद्रानंही तेव्हा सांगितलं की २ वर्षांखालच्या पोरांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका. तरी आमच्याकडं वर्षाच्या लेकराला सर्दीचं सिरप चिठ्ठी न बघता मिळतंय, आणि औषधात भेसळ नसली तरी चुकीच्या मापानं लेकरू दवाखान्यात जाऊ शकतं हे कुणी बोलत नाही.

बाटलीवर काय छापायचं ते केंद्राच्या हातात, त्यांना तुम्ही लिहा. पण पोराचं वजन विचारून डोस एमएलमध्ये मराठीत चिठ्ठी चिकटवून द्यायची आणि सोबत बिनसुईची सिरिंज द्यायची, एवढा आदेश राज्यातल्या मेडिकलना काढता येईल का ते बघा. तुमच्या इन्स्पेक्टरांना पाटण, जावळी, माण या भागातल्या दुकानात अचानक पाठवा, फार्मासिस्ट हजर आहे का बघू दे. आणि आम्हा आशांना थोड्या सिरिंज द्या, खुणेपर्यंत औषध कसं ओढायचं ते घरोघरी आज्जीला, आईला आम्ही दाखवतो, तसंही त्या घरात आमचं जाणं आहेच.

आपली,
पाटण तालुक्यातली एक आशा