मिठाच्या बरणीला गाठ बांधणाऱ्या काकींना

काकी, सप्रेम नमस्कार.

तुमची मजुरी दिली, वर नारळ आणि उकडे तांदूळ दिले, तेवढ्याने हे फिटत नाही. म्हणून चार लोकांदेखत लिहितेय. तुम्ही वाचणार नाही म्हणालात, तर तुमच्या सुनेने वाचून दाखवावं.

तुमच्या आधी या घराची 'व्यवस्था' लावायला जी मंडळी आली होती, त्यांचं नाव घेत नाही. वैशाखात आली आणि दिसायला देखणं घर करून गेली. एका मापाचे, एका रंगाचे हवाबंद डबे, त्यांवर इंग्रजीत छापलेल्या चिठ्ठ्या, भिंतींना चिकटवलेले हूक. पैसेही भरपूर घेतले. मृग लागला, पश्चिमेचा पाऊस भिंतीवर बसायला लागला आणि एकेक गोष्ट उसवत गेली. जांभ्याच्या भिंतीवरचा चुन्याचा गिलावा पावसाळाभर पाणी ओढतो आणि सोडतो, त्यावर गोंद टिकत नाही. हूक पापुद्र्यासकट खाली आले. लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला घट्ट टेकवलेलं, त्याच्या पाठीला गंज आणि आतल्या साड्यांना कुबट वास. न्हाणीच्या कोब्यावर ॲसिड ओतून चकाकी आणली होती. ॲसिड सिमेंट आणि चुना दोन्ही खातं, त्यामुळे कोबा खडबडीत झाला आणि त्या खळग्यांत शेवाळ धरलं. घर ज्या हवेत उभं आहे त्या हवेची चौकशी त्यांनी केलीच नव्हती.

तुम्ही श्रावणात आलात. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर, बाहेर धार लागलेली, घरात शाळेची मुलं, डबे, ओली दप्तरं, मुंबईहून येणाऱ्या माणसांच्या अंथरुणांची चिंता. अशा दिवसांत साफसफाई काढायला कोणी धजत नाही, कारण धुतलेलं वाळत नाही. तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत की या महिन्यात पाणी कमीत कमी वापरायचं. आधी कोरडं, मग ओलं, आणि वरून खाली. माळ्यावरची जळमटं हिराच्या केरसुणीने, मग वासे, मग फळ्या, शेवटी जमीन. एक अपवाद तेवढा केलात, बुरशीचा. बुरशी कोरडी झाडली की तिची भुकटी घरभर उडते आणि जिथे बसते तिथे पुन्हा उगवते, म्हणून ती व्हिनेगरमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपायची आणि ते फडकं उकळत्या पाण्यात टाकायचं. ज्या दिवशी व्हिनेगर हातात त्या दिवशी ब्लीचिंग पावडरचा डबा बाहेर काढायचा नाही, हे तुम्ही पोरींना दोनदा बजावलंत. ब्लीचिंग पावडरला कोणतंही आम्ल लागलं, मग ते व्हिनेगर असो की संडासाचं ॲसिड, की क्लोरिन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

धान्यावर तुम्ही जितका वेळ घालवलात तितका कशावरच नाही, आणि ते बरोबरच होतं. हवाबंद डबा चांगला, पण आत घातलेली वस्तू खडखडीत कोरडी असेल तरच. तांदळात १४ टक्क्यांपेक्षा जास्त ओल राहिली की तो बंद डब्यात आपलीच वाफ धरतो. झाकणाच्या आतून थेंब दिसतात आणि वरचा थर कुबट होतो. तांदळातल्या पोरकिड्याचंही तसंच. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. डोळ्यांना दाणा धड दिसतो, आणि उबेत साधारण महिनाभराने त्यातून किडा बाहेर पडतो. म्हणजे डबा कितीही पक्का असला तरी कीड आत कोंडली जाते. तुम्ही सगळे डबे उपसलेत. उकडे तांदूळ वेगळे, सुरय (न उकडलेले) वेगळे. सुपाने पाखडून, चाळून, चटईवर बोटभर जाडीच्या थरात पंख्याखाली पसरले. अधूनमधून चार दाणे दाताखाली धरून बघत होतात. दाणा चेपला तर अजून ओला, कट्‌ करून तुटला की भरायला तयार. कुळीथ आणि मूग लोखंडी कढईत मंद आचेवर हाताला चटका बसेपर्यंत परतले, पूर्ण गार होऊ दिले (गरम भरले की परत वाफ, परत ओल), आणि किलोला चमचाभर एरंडेल तेल चोळून मगच भरले. तेलाचा हात लागलेल्या कडधान्यावर भुंग्याची अंडी जगत नाहीत.

भरतानाही एक शहाणपण होतं. मोठा डबा काठोकाठ भरून बंद ठेवायचा, रोजच्यासाठी आठवड्यापुरता छोटा डबा वेगळा. मोठा डबा रोज उघडला की रोज ओली हवा आत जाते. मीठ आणि आमसुलं प्लास्टिकमधून काढून चिनीमातीच्या बरण्यांत गेली. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, साखर त्या मानाने उशिरा ओलावते, आणि आपल्याकडे कोकणात श्रावणात हवा बहुतेक वेळ ८५च्या वर असते. त्यामुळे मिठाला घट्ट झाकण, आत लाकडी चमचा आणि तळाशी कोरड्या तांदळाची पुरचुंडी. सुकटीचा आणि सुक्या बोंबलांचा पत्र्याचा डबा तुम्ही कोठीतून हलवून मागच्या पडवीत टांगलात. तांदूळ वास धरतो, हे शहरातल्या मंडळींना सुचलं नव्हतं.

बाकीच्या घराचं थोडक्यात सांगते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून खाली लाकडी ठोकळे दिलेत. कपाटं उघडायची ती दुपारच्या उघडिपीत, कारण तेव्हा हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, आणि दिवेलागणीआधी बंद. जरीच्या साड्यांतल्या डांबरगोळ्या काढल्यात, साड्या मऊ सुती पंचात गुंडाळल्यात आणि घड्या वेगळ्या जागी मोडल्यात, कारण एकाच घडीवर जरीची तार तुटते. कोणीतरी कपाटात चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, ठेवायला सांगितलं होतं. ओल ओढते हे खरं, पण ओल्या हाताला लागली तर भाजते, आणि या घरात लहान मुलं आहेत, म्हणून तुम्ही सरळ नाही म्हणालात. ओल्या छत्र्या, दप्तरं आणि रेनकोट ओटीच्या आत येऊ द्यायचे नाहीत, यासाठी पडवीत आडवा बांबू बांधलात, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर एक आणि मुलांच्या उंचीवर एक. मुलांच्या हाताला पोचेल अशी जागा मिळाली की मुलं वस्तू जागेवर ठेवतात, हे मी आता रोज बघते. चवथीचं सगळं, समया, निरांजनं, झांजा, माटवीच्या (गणपतीवरच्या मंडपीच्या) दोऱ्या, एका पेटीत गेलं. सातबाऱ्याचे उतारे आणि रेशनकार्ड खालच्या खणातून वरच्या खणात आली. शेजाऱ्यांची नावं कोरलेली भांडी तुम्ही एकेक वाचून बाजूला काढलीत, आणि ती त्याच संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी गेली. लोक आपल्या घरातला पसारा आवरतात, पण दुसऱ्याची पातेली परत द्यायची बुद्धी फार थोड्यांना होते.

आता गाठीचं.

आमच्या आजीला काचबिंदूने जवळजवळ दिसत नाही, हे तुम्हाला आल्या आल्या कळलं. या स्वयंपाकघरात ती आयुष्यभर डोळे मिटूनही वावरली असती, इतकं ते तिच्या हातात होतं. चहाचा डबा पत्र्याचा, साखरेची बरणी काचेची, मीठ ठेंगण्या बरणीत. बोटं टेकली की वस्तू कळायची. आधीच्या मंडळींनी सगळं एकसारख्या डब्यांत ओतलं आणि जुन्या बरण्या माळ्यावर टाकल्या. छापील चिठ्ठ्या वाचणाऱ्यासाठी होत्या. एकदा चहात मीठ पडलं, घरातलं कोणी हसलं, आणि आजी स्वयंपाकघरात यायची थांबली. ओटीवर बसून राहायची. आम्हाला वाटलं वय झालं.

तुम्ही घरात पाऊल टाकल्यावर झाडूला हात लावायच्या आधी तिच्यापाशी जाऊन बसलात. म्हणालात, "आजी, तुमचो हात पयलो खंय जाता, ता माका दाखवा." तिला हाताला धरून आत आणलंत, फडताळासमोर तिच्या नेहमीच्या जागी उभं केलंत आणि हात पसरायला सांगितलंत. जिथपर्यंत हात न ताणता पोचला तिथे दोन्ही बाजूंना खडूने खूण केलीत. खांद्याच्या वर तिचं काही ठेवायचं नाही, कमरेच्या खाली जड काही ठेवायचं नाही, आणि खडूच्या दोन खुणांच्या मधली जागा फक्त तिची. जुन्या बरण्या माळ्यावरून उतरवल्यात, आमसुलाच्या पाण्याने पितळी झाकणं घासलीत. मिठाची ठेंगणी बरणी मात्र फुटलेली निघाली. साखरेच्या आणि मिठाच्या बरण्या आता एकाच आकाराच्या होणार होत्या. तेव्हा तुम्ही कनवटीचा काथ्या काढलात, वीतभर कापलात आणि मिठाच्या बरणीच्या गळ्याला दोन वेढे देऊन एक ठसठशीत गाठ मारलीत. खाण्याच्या सोड्याला दोन गाठी. साखरेला काही नाही.

इतकी साधी गोष्ट, पण तिच्यात किती विचार होता ते मला नंतर हळूहळू उमगलं. गाठ झाकणाला न बांधता गळ्याला बांधलीत, कारण झाकणं धुताना बदलतात आणि बरणी बदलत नाही. कागदाची चिठ्ठी ओलीने सुटते, रबर चिकट होऊन तुटतं, तागाची सुतळी कुजते. काथ्या ओल आणि मीठ दोन्ही सोसतो आणि खरखरीत असल्यामुळे जाड झालेल्या म्हाताऱ्या बोटांनाही कळतो. बरण्या सरकू नयेत म्हणून फळीच्या कडेला लाकडी पट्टी ठोकलीत, आणि मुलांना बोलावून सांगितलंत की इथलं घेतलेलं इथेच परत आलं पाहिजे, बोटभरसुद्धा इकडेतिकडे चालणार नाही, कारण पणजीचे डोळे या जागेत आहेत. मग आजीच्या हातात बरण्या उलटसुलट करून दिल्यात. तिने प्रत्येक वेळी बरोबर ओळखली. तिने केलेला चहा तुम्ही प्यायलात आणि काहीही विशेष घडलं नाही असं दाखवून कामाला लागलात. तिला शाबासकी दिली नाहीत, याबद्दल मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. जे तिचंच होतं ते तिला परत मिळालं, त्यात कौतुक कसलं करायचं, हे तुम्हाला कोणी शिकवलं असेल मला ठाऊक नाही.

आमच्या घरात शिकलेली माणसं आहेत. तिच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घालणारी, तपासणीला नेणारी. काथ्याची गाठ कोणाला सुचली नाही. ती सुचायला समोरच्या माणसाचा हात कुठे जातो हे बघावं लागतं, आणि तसं बघणारी माणसं मी गेल्या काही वर्षांत फार कमी पाहिली. दवाखान्यात केसपेपर लिहिताना खुर्ची पुढे सरकवणारा, एसटीत चढताना काठी आधी आत घेणारा कंडक्टर, बाजारात म्हातारीला सुटे पैसे तळहातावर मोजून देणारी कोळीण. अशांच्या भरवशावर आपली म्हातारी माणसं घराबाहेर पडतात. तुम्ही त्यांतल्या आहात.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. काकींसारख्या बायका गावोगाव आहेत. शहरातल्या मंडळींनी सांगितलेली रक्कम आपण निमूट देतो आणि यांच्याशी रोजावरून घासाघीस करतो. यांनी जो रोज सांगितला तो द्या, दुपारचं जेवण आणि चहा त्यात धरू नका, आणि उंचावर चढायचं काम असेल तर शिडी धरायला घरचं माणूस उभं करा. बोलवायचं तर वैशाखाच्या सुरुवातीला बोलवा. तेव्हा ऊन असतं, आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायच्या आधी डबे वाळवून घेता येतात, गोधड्यांना ऊन दाखवता येतं. चवथीच्या आधीच्या आठवड्यात कृपा करून निरोप धाडू नका, त्यांच्याही घरी गणपती असतो.

काकी, सोड्याच्या बरणीची एक गाठ सैल झाली आहे. मी घट्ट करायला गेले तर आजीने हात धरला, म्हणाली ज्यांनी बांधली त्यांनाच बांधू दे. तेव्हा सवड काढून या, काथ्या घेऊन या. मुलांचे रंगीत खडू आणि आजीची औषधं अजून एकाच डब्यात आहेत, तेही तुम्हालाच दाखवायचं आहे.

तुमची,
थोरल्या घरची सून