गोळी चालू ठेवा म्हणता, पण रक्त कधी तपासायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बीपीची गोळी एकदा मागे लागली की तीच जुनी चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून वर्षानुवर्षं पाकीट आणायचं, आणि कधी दवाखान्यात गेलोच तर डॉक्टर दंडाला पट्टा बांधणार, १३० आहे, छान, हेच चालू ठेवा. झालं. माझ्या आईचं सहा वर्षं असंच चाललं होतं. टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध, दोन्ही एकाच गोळीत. मग गुडघ्यांसाठी दुसऱ्याच डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक हे पेनकिलर दिलं, त्यांना बीपीच्या गोळीचं आम्ही सांगितलं नाही न् त्यांनी विचारलं नाही. त्यातच दोन दिवस जुलाब, तरी आई गोळ्या नेमाने घेतेय! तिसऱ्या दिवशी बाथरूममधून येताना दाराची कडी धरून खालीच बसली. बीपी ८८. किडनीचं काम कसं चाललंय ते रक्तात दाखवणारं क्रिएटिनिन २.६, म्हणजे बरंच वाढलेलं. आधी किती होतं विचारलं तर अख्ख्या फाइलीत एकही रिपोर्ट नाही.

नंतर कळलं की हे तिन्ही एकत्र आले की किडनीची पंचाईत होते. लघवीच्या औषधाने अंगातलं पाणी कमी, पेनकिलरने किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आवळला जातो, आणि टेल्मिसार्टनमुळे गाळणीतला दाब आणखी उतरतो. त्यात जुलाब म्हणजे बघायलाच नको. उलट्या-जुलाब लागले की यातल्या गोळ्या काही दिवस थांबवायच्या का हे डॉक्टरांना लगेच विचारायचं असतं, एवढं एक वाक्य सहा वर्षांत कुणी बोललं नाही.

खरं तर अशा गोळ्या सुरू करायच्या आधी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम बघायचं, सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी परत, आणि मग वर्षातून एकदा तरी. क्रिएटिनिन थोडं वाढलं, म्हणजे ३० टक्क्यांपर्यंत, तर सहसा घाबरायचं कारण नसतं, पण पोटॅशियम ६ च्या वर गेलं तर गोळी थांबवावी लागते. आणि वयस्कर माणसाचं बीपी उभं करूनही मोजा हो, वरचा आकडा २० ने उतरला तर चक्कर का येते ते तिथेच कळतं. अम्लोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीने काहींचे पाय सुजतात, तर सुजेसाठी अजून एक गोळी, हेही पाहिलंय.

हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळतं, हृदयाला त्रास होतो.

फॅमिली डॉक्टरांवर राग नाही, बाहेर तीस पेशंट बसलेले असतात. पण चिठ्ठीवर औषधाखाली पुढच्या रक्त तपासणीची तारीख लिहायला किती वेळ लागतो? तारीख उलटून गेली असेल तर मेडिकलवाल्यानेही टोकावं.

आईच्या गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून आता एक कागद चिकटवलाय, तारीख आणि आकडे. परवा पोटॅशियम ५.२ आलं. डोस आहे तोच ठेवलाय, दोन आठवड्यांनी परत रक्त द्यायचंय.

आपली,
एक वाचक