हातात बसणारं पिस्तूल

ह्यूस्टन, रविवार रात्र

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून तीनदा पाहिला. तळहातावर मावेल एवढं, फिकट गुलाबी मुठीचं ते पिस्तूल, आणि खाली तुझी ओळ: "आई, दुकानातला माणूस म्हणाला, लहान हातांना हेच बरोबर." पैसे भरले नसशील तर थांब. हेच वाक्य बारा वर्षांपूर्वी एका दुकानात मला ऐकवलं होतं, आणि मी ते मानलं होतं.

ही गोष्ट तुला तेव्हा सांगितली नव्हती, तू हायस्कूलला होतीस. फार्मसी रात्री दहाला बंद करून मी एकटी गाडीपाशी जायचे. एक माणूस लागोपाठ दोन रात्री माझ्या गाडीला टेकून उभा होता. पोलिसांना कळवलं, तो पुन्हा दिसला नाही, पण मी ठरवून टाकलं. बाबांना पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही आणि त्यांच्या न पटण्याचा मी मान ठेवते. तूही ठेव.

त्या दुकानदाराने काचेखालून सगळ्यात चिमुकलं .३८०, म्हणजे छोट्या काडतुसाचं पिस्तूल, काढून माझ्या हातात दिलं. वजन पाव किलोच्या जरा वर. मी खूश झाले. नेमबाजीच्या रेंजवर सहा गोळ्या झाडल्या आणि सातवी झाडायची इच्छाच उरली नाही. अंगठ्याचं बूड ठणकत होतं. त्याहून वाईट म्हणजे स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण मागे खेचता येईना. ते पिस्तूल चार महिने कपाटात पडून राहिलं आणि मी समजत राहिले की दोष माझ्या हातांचा आहे. तुझे हात माझ्यावर गेलेत. मावशीच्या लग्नात कासाराने आपल्या दोघींना दोन-दोनच्याच बांगड्या भरल्या होत्या, आठवतं? म्हणून तुझ्याबाबतीत तेच व्हायला नको.

लहान हात म्हणून लहान पिस्तूल, हे गणितच उलटं आहे. गोळी पुढे जाते तेव्हा तिचा धक्का मागे येतो, आणि तो सोसायचं काम आधी पिस्तुलाचं वजन करतं. गोळी तीच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलंस तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. शाळेतलं फिजिक्स आहे हे. स्लाईडचंही तसंच. छोट्या पिस्तुलाची स्लाईड हलकी, म्हणून तिला थोपवायला स्प्रिंग ताठ लागते, आणि पकडायला जागा मात्र बोटभर. खिशात सगळ्यात सोपं असतं ते हातात सगळ्यात अवघड जातं. तुला हवी आहे ती लहान मूठ. आखूड नळी नको, कागदासारखं वजन तर नकोच.

मुठीचं कसं पाहायचं ते सांगते, कारण सगळं इथेच ठरतं. दुकानात पिस्तूल रिकामं असल्याची आधी स्वतः खात्री कर. दुकानदाराने बघितलं असलं तरी तू मॅगझीन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढ, स्लाईड मागे घे, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही पाहा. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी वर बसव. आता हात तसाच ठेवून वरून बघ. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आहेत का? मग कुठल्या दिशेला धरू ते विचारून तर्जनी ट्रिगरवर ने. पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरच्या मधोमध यायला हवा. फक्त टोक पोचत असेल तर ती मूठ तुझ्यासाठी जाड आहे. अशा वेळी आपण नकळत पिस्तूल हातात फिरवून घेतो, बोट पोचतं, पण सगळा धक्का तळव्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो. माझ्या ठणक्याचं निम्मं कारण हेच होतं, आणि ते मला दुकानदाराने नाही, पुढे रेंजवरच्या एका बाईंनी दाखवलं.

त्याच पकडीत आणखी दोन गोष्टी बघ. मॅगझीन सोडायचं बटण अंगठ्याने दाबता येतं का, आणि त्यासाठी मूठ किती सैल करावी लागते? सेफ्टी, म्हणजे ट्रिगर अडवणारी कळ, असेल तर तीही तशीच. थोडी हलवाहलव चालेल, पूर्ण पकड सुटायला नको.

लहान हातांचा एक फायदाही आहे, तो कोणी सांगत नाही. आखूड मुठीवर पुरुषांची करंगळी लोंबकळते. तुझी मात्र बसेल. म्हणजे जे मधल्या आकाराचं पिस्तूल त्यांना अडचणीचं, ते तुला पूर्ण पकडीचं असू शकतं.

स्लाईडबद्दल घाबरू नकोस. ताकदीपेक्षा ढब महत्त्वाची. हात लांब करून दोन बोटांच्या चिमटीत स्लाईड ओढायला गेलीस तर नाहीच येणार. पिस्तूल छातीजवळ घे, तोंड समोर सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. डावा तळवा स्लाईडच्या मागच्या भागावर वरून घट्ट बसव, काडतूस बाहेर पडायची खिडकी मोकळी ठेव. आता डाव्या हाताने ओढायचं नाही, उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. खांदे आणि पाठ कामाला लागतात. शेवटी स्लाईड सोडून दे, हाताने पुढे आणू नकोस. मी साठीला आले, सकाळी बोटं आखडतात, तरी मला जमतं.

आता नावं विचारशील. सिग पी३६५ हे २०१८ साली आलं. एक इंच जाडीच्या पिस्तुलात नऊ एमएम काडतुसाच्या दहा गोळ्या बसवल्या त्यांनी, आणि वजन अर्धा किलो. आपल्यासारख्या हातांना त्याची मूठ बऱ्याचदा जमते. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी तर स्लाईड सहज मागे यावी म्हणूनच बनवलेलं. आधी .३८० मध्ये आलं, मग २०२० साली नऊ एमएममध्ये. त्याच्या मुठीमागे एक दट्ट्या आहे, तो नीट दाबला गेला नाही तर गोळी सुटतच नाही. तुझ्या पकडीत तो दरवेळी पूर्ण दाबला जातो का, ते बघायलाच हवं. ग्लॉक ४३एक्सची मूठ सडपातळ पण लांब आहे. वॉल्थरने २०२२ मध्ये पीडीपी एफ-सिरीज काढली, ती बायकांचे हात समोर ठेवून. मूठ बारीक, ट्रिगर जवळ, स्लाईड मागे खेचायला सोपी. पण ते आकाराने मोठं आहे, तुझ्या कपड्यांत लपवणं अवघड जाईल. बाकी खूप आहेत. काहींच्या मुठीचा मागचा भाग बदलता येतो, तेही दुकानात विचार.

नऊ एमएम की .३८०? शक्य असेल तर नऊ एमएम. त्यात जोर जास्त आणि सरावाच्या गोळ्या बहुधा स्वस्त. पण दहा गोळ्यांनंतर तू डोळे मिटायला लागलीस, तर अंगात जरा वजन असलेलं .३८० घे आणि त्याबद्दल कोणी काही बोललं तर ऐकून सोडून दे.

रिव्हॉल्व्हर सुचवणारे भेटतील. स्लाईड नाही, अडकायचं प्रमाणही कमी, हे खरं. पण हलकं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर जेमतेम एक पौंडाचं असतं आणि त्याचा ट्रिगर ओढायला दहा-बारा पौंड जोर लागतो. पिस्तुलाच्या वजनाच्या दहापट जोर एका बोटाने लावताना नेम हलणारच. हाताळून बघ, पण सोपं म्हणून घेऊ नकोस.

यातलं काहीही विकत घेण्याआधी भाड्याने चालव. भाड्याने पिस्तुलं देणाऱ्या रेंज असतात. प्रत्येकाच्या पन्नास गोळ्या झाड. पहिल्या पाच नाही, शेवटच्या दहा कुठे लागतात ते बघ, कारण तोवर हात थकलेला असतो. मॅगझीन भरायला अंगठा दुखेल, त्यासाठी लोडर मिळतो, तो लाज न बाळगता वापर. घेतल्यावर घरी रिकाम्या पिस्तुलावर सराव कर. त्या खोलीत एकही काडतूस नको, दुसऱ्या खोलीतही कुलपात हवं.

आता ज्याने माझी झोप उडते ते. तुझ्या मेसेजमध्ये होतं, "पर्समध्येच ठेवेन." नाही, सायली. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोतल्या हेडन गावात एक आई तिच्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन दुकानात गेली होती. पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेल्या पर्समध्ये, चेन लावलेल्या कप्प्यात तिचं पिस्तूल होतं. त्या बाळाने ते काढलं, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. एकोणतीस वर्षांची होती, जाणकार होती. मी ही बातमी वाचली त्या रात्री माझी पर्स रिकामी केली, ती कायमची. चोरही आधी पर्सच ओढतो. आणि दर दिवाळी-नाताळला दादाचा अर्णव तुझ्या घरी येतो, त्याला आत्याची पर्स उघडण्याइतकं काही आवडत नाही.

पिस्तूल अंगावर, नाहीतर तिजोरीत. तिसरी जागा नाही. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, कडक हवा, ट्रिगर पूर्ण झाकणारा. मऊ कापडी नको, त्याचा काठ दुमडून ट्रिगरमध्ये शिरू शकतो. आपली कंबर आखूड, नितंब रुंद, त्यामुळे उजव्या बाजूला लावलं की मूठ बरगड्यांत टोचते. पुढे, पोटाच्या उजव्या अंगाला लावून बघ. लेगिंग्जवर ते राहणार नाही, ताठ पट्टा लागेल. तुझे सैल कुर्ते मात्र झाकायला उत्तम. होल्स्टरमध्ये परत ठेवताना कधी घाई करू नकोस, खाली बघ, कापड बाजूला कर, मग ठेव.

कायद्याचं थोडक्यात. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना लायसन्सशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरी तू लायसन्स काढ. फी ४० डॉलर, चार ते सहा तासांचा वर्ग, आणि तीन, सात, पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्यांची परीक्षा, २५० पैकी १७५ गुण. त्या वर्गात कुठे नेता येत नाही ते नीट कळतं. ५१ टक्क्यांची लाल पाटी, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची असल्याची खूण, असलेल्या बारमध्ये लायसन्स असूनही नाही. पोस्टात नाही. आणि न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियात मैत्रिणीकडे निघालीस तर टेक्ससचं लायसन्स तिथे चालत नाही.

तुझ्याबरोबर राहणाऱ्या पूर्वाचं मात्र नीट लक्षात ठेव. तू इथे जन्मलीस, ती एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. तिला कौतुकाने हातात देऊ नकोस, रेंजवर नेऊ नकोस, तिजोरीचा कोड सांगू नकोस. तुझ्या एका उत्साहात तिचं इथलं सगळं जाऊ शकतं. घरात आणण्याआधी तिला विचार, आणि ती नको म्हणाली तर आधी घराचा विचार कर, मग पिस्तुलाचा.

एक गोष्ट लिहू की नको करत होते. २०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. दोन वर्षांपूर्वीचा तुझा तो हिवाळा मी विसरलेले नाही. तेव्हा तू रात्री दोनला फोन करायचीस आणि काहीच बोलायची नाहीस. तसे दिवस परत आले तर मला फक्त एवढंच सांग, "आई, ते घेऊन जा." मी काही विचारणार नाही. तीन तासांचा रस्ता आहे, रात्री निघेन.

शनिवारी मी येते आहे. नऊला रेंज उघडते, दहाच्या आत पोचू. माझं पिस्तूल आणेन, तेही चालवून बघ, कानाचे मफ दोघींचे घेईन. नखं कापून ये, आणि त्या गुलाबी पिस्तुलासाठी दुकानदाराचा फोन आला तर त्याला सांग, आई येते आहे.

तुझी,
आई