डिस्चार्जच्या दिवशी पंधरा मिनिटं द्या

संपादक महोदय,

गेल्या श्रावणात आमच्या ह्यांना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. उपचार वेळेवर झाले म्हणून आज ते घरात हिंडतायत, हे मी विसरणार नाही. माझं म्हणणं घरी सोडण्याच्या दिवसाबद्दल आहे. मेडिक्लेमच्या कागदांपायी संध्याकाळ झाली. मग सिस्टरांनी सात औषधांची पिशवी हातात ठेवली, 'सगळं कार्डावर लिहिलंय' म्हणाल्या आणि गेल्या. कार्ड इंग्रजीत. माझं शिक्षण सातवीपर्यंत. १-०-१ तेवढं कळलं. पट्ट्या कात्रीने कापलेल्या, काहींवर नावच उरलं नव्हतं. शेवटी नातवाच्या स्केचपेनने मी पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढले.

दिवाळीनंतर ह्यांची दाढ ठणकायला लागली. कुणीतरी सांगितलं, दाढ काढायची तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करा, नाहीतर रक्त थांबणार नाही. ह्यांनी मला न सांगता दोन दिवस बंद केल्या. पट्टीत गोळ्या जास्त दिसल्या म्हणून कळलं. तशीच कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ह्यांना लगेच बोलावलं, हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मग समजावलं: स्टेंट म्हणजे धातूची जाळी, तिच्यावर आतून अस्तर धरायला काही महिने लागतात. तोवर गोळ्या अचानक थांबवल्या तर जाळीतच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आता दोन्ही नावं मला पाठ आहेत. अटॅकनंतर ही जोडी साधारण वर्षभर चालते, आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवायची नाही. दाढ शेवटी गोळ्या चालू ठेवूनच काढली. कापसाचा बोळा जरा जास्त वेळ दाबून धरावा लागला, एवढंच.

छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी बसूनच घ्यायची, उभ्याने घेतली तर बीपी उतरून चक्कर येते, हेही आम्हाला नंतरच कळलं. रोज पर्वती चढणारा माणूस दोन महिने भीतीने जिनासुद्धा उतरला नाही. किती चालायचं, कधीपासून, कुणी बोललंच नव्हतं.

पुण्यातल्या सगळ्या हृदयाच्या दवाखान्यांना माझी विनंती आहे. पेशंटला सोडताना एका सिस्टरने पंधरा मिनिटं बसावं, घरात गोळ्या कोण देणार ते विचारून त्याच माणसाला मराठीत समजवावं, त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावं आणि मोठ्या अक्षरातला मराठी कागद हातात द्यावा. भोर, वेल्ह्याहूनही पेशंट इथेच येतात. त्यांच्या वाडीत कोपऱ्यावर डॉक्टर नसतो.

— एक गृहिणी, दत्तवाडी, पुणे