बाबा, फायरवॉल आता चालूच राहणार

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, आधी पूर्ण वाचा, मग चिडा. दिवाळीत तुम्ही दुपारी झोपला होतात तेव्हा मी कॉम्प्युटरची फायरवॉल, म्हणजे बाहेरून न बोलावता येणाऱ्याला अडवणारी सोय, परत चालू केली आणि तुमचं अकाउंट ॲडमिनवरून साधं केलं, त्यामुळे ती बंद करायला आता पासवर्ड लागेल, आणि तो आईकडे आहे. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही हो, तुम्ही काही बिघडवलेलंच नव्हतं. त्या रिपेअरवाल्या मुलाने प्रिंटर सापडेना म्हणून सगळीच फायरवॉल बंद करून ठेवलेली, कारण शोधलंच नाही. कारण एवढंसंच, आपलं घरचं वायफाय विंडोजने ‘पब्लिक’ धरलेलं. पब्लिक म्हणजे स्टेशन, लॉजवरच्या वायफायसाठी, तिथे आपलं मशीन बाकीच्यांना दिसत नाही आणि बाकीचेही आपल्याला सापडत नाहीत. मी ते ‘प्रायव्हेट’ केलं आणि प्रिंटर आला की समोर. ब्रॉडबँड गेल्यावर मोबाईलचं हॉटस्पॉट लावता ना, ते मात्र पब्लिकच राहू द्या.

तुमचं काहीही अडणार नाही. कीर्तनं, ई-पेपर, लाइटबिल, चिनूचा व्हिडिओ कॉल, सगळं तसंच चालेल. आपल्या जुन्या वाड्याच्या दारासारखं आहे ते, बाहेर जाणाऱ्याला कोणी अडवत नाही, न बोलावता आत येणाऱ्याला तेवढं थांबवतात.

पेंटमध्ये घर काढायला माझा हात माऊसवर धरून तुम्हीच शिकवलंत, छपराचा लाल रंग सगळ्या स्क्रीनभर सांडला तरी ओरडला नव्हतात. म्हणून आता हे असं सांगताना मलाच कसंतरी होतंय, पण सांगणारच.

‘ॲपला परवानगी द्यायची का’ अशी खिडकी आली आणि तुम्ही स्वतः काही नवीन टाकलं नसेल तर कॅन्सल. आई, तू पासवर्ड लगेच देऊ नकोस, आधी मला फोन. आणि केवायसीच्या नावाखाली कोणी एनीडेस्क (आपलं मशीन दुसऱ्याला दुरून चालवू देणारं ॲप) टाकायला सांगितलं तर फोन ठेवायचा, कारण तिथे दार आपणच उघडून देतो, फायरवॉल काही करू शकत नाही. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

रविवारी विंडोज सिक्युरिटीत फायरवॉलचं पान उघडून बघा, डोमेन (ऑफिसच्या नेटवर्कसाठीचं), प्रायव्हेट, पब्लिक तिन्हीपुढे हिरवी खूण पाहिजे. फोटो पाठवा. आणि आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आत्ताच सांग.

तुमची,
मनू