बाबांचे कान आणि बाबांचा संशय

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई अगदी हळू बोलत होती. शेजारचे कुजबुजतात, दूधवाला पाळत ठेवतो असं बाबांच्या मनानं घेतलंय म्हणाली. मग म्हणाली, "हे वेडच का रे?" बाबा, तुमच्या माघारी असं बोलणं मला पटलं नाही, म्हणून दोघांनाही लिहितोय.

तुम्ही खोटं बोलत नाही आहात. पण असा संशय शरीरातल्या बिघाडानंही येतो, आणि तो शोधता येतो.

आधी कान. दिवाळीत पाहिलं, कानाचं मशीन कपाटातच असतं. अर्धवट ऐकू आलं की समोरचा मुद्दाम हळू बोलतोय असं वाटतं. फिलिप झिंबार्डो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या मुलांना संमोहनानं कमी ऐकू येईल असं केलं, पण त्याचं कारण त्यांना आठवू दिलं नाही. ती मुलं चिडचिडी, संशयी झाली. धडधाकट पोरं, बाबा! तुम्हाला तर खरंच कमी ऐकू येतं.

दुसरं, मधुमेहाची गोळी. ती मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यात आपण शाकाहारी. बी-१२ फार उतरलं तर मुंग्या येतात, विसर पडतो, काहींना संशय आणि भासही होतात. पायांच्या मुंग्या आपण वयावर ढकलल्या. मीसुद्धा. रक्त तपासून बी-१२ बघू, त्याबरोबर थायरॉईड आणि सोडियमही.

आई, बाबांना लघवीला जळजळ होत होती ना? संशय तेव्हापासूनच वाढला का, आठवून बघ. म्हातारपणी अशा संसर्गात ताप नसतानाही माणूस दोन दिवसांत भ्रमिष्टासारखा वागू शकतो. तसं असेल तर माझी वाट बघू नका, आजच डॉक्टरांकडे जा.

स्मृतिभ्रंशाची सुरुवातही कधी संशयानं होते, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण आधी बरं होण्यासारखं जे आहे ते तपासू.

तोवर, आई, त्यांच्याशी वाद नको. "हो, पाळत ठेवतात" असंही म्हणू नकोस. "तुम्हाला भीती वाटतेय ना, मी आहे इथं," एवढंच म्हण.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघतो. सगळ्या गोळ्या, दुकानातून परस्पर आणलेल्या सर्दीच्यासुद्धा, एका पिशवीत काढून ठेवा. मशीनचे नवे सेल मी आणतोय.

तुमचा,
बाळू